लेझरचा चष्मा

“फवारताना चष्मा होता का तुमच्याकडे?” चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, तसे डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले देवराव दवाखान्याच्या खाटेवर ताठ बसले.

“हाय ना साहेब. माह्या पोरीनं देल्ला. लेझरचा हाय, घरी ठेवला.”

शेजारी उभी त्यांची पोरगी मोनाली त्यांना थांबवायला पुढे झाली. पण साहेबांनी लगोलग लिहिलं: साधन असूनही वापरले नाही, मजुराचा निष्काळजीपणा. शेतमालक सुटला, औषध विकणाराही सुटला. बापाची खरं बोलायची खोड नेमकी आज भोवली.

मोनाली हैदराबादला संशोधन करायची. एका अणूच्या जाडीचा पापुद्रा घ्यायचा, त्यावर लेझरचा झोत मारायचा. आतले इलेक्ट्रॉन खवळले की लगेच दुसरा झोत सोडून ते कुठे पळतात, कधी निवतात, ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं. सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातल्या दोन-चार तुकड्यांचा हा खेळ. त्या लेझरच्या खोलीत झाडणाऱ्या बाईलाही चष्म्याशिवाय सोडत नसत. तिथला एक बाद चष्मा तिनं सरांकडून मागून आणला होता, कारण बाबा पांढरकवड्याजवळ दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणीला जायचे. घालून पाहताना बाबा हसले होते, यातून रोगट कपाशीही हिरवीगार दिसते म्हणून. आता पंपाची नळी फुटून औषध तोंडावर उडालं होतं, आणि डॉक्टरांनी एका डोळ्याची आशा सोडली होती.

“साहेब,” मोनाली म्हणाली, “आमच्या लेझरच्या खोलीत मार बसल्याबरोबर काय झालं ते पाहाले दुसरा उजेड जाते. तुम्ही नवव्या दिवशी आले. आन् ज्याले मार बसला, त्याचाच गुन्हा लिहून राह्यले.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना अजून बारा खाटा उरकायच्या होत्या.

मग तिचा संताप बापावर उलटला. “काहून नाई घातला, बाबा?”

“चरे पडले असते बाई. तुह्या शिक्षणाची वस्तू, जहरात घालाची काय?”

दुपारी ती घरी गेली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चष्मा धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. काचेवर एक ओरखडा नव्हता. दारात उभं राहून तिनं तो डोळ्यांना लावला. बांधापलीकडे अळीनं पोखरलेली कपाशी हिरवीगार दिसत होती.

पायरीच्या दगडावर आपटायला तिनं हात उगारला. मग हळूच खाली आणला, काच पुसली आणि चरे पडू नयेत म्हणून चष्मा पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळला.