चुकेल त्याच्या मागे

बावीस वर्षं दुकान चालवलेल्या न्हावीदादांनी कात्रीची धास्ती घेतली होती. निमित्त काय, तर निवृत्त पोस्टमन काकांचा कान! जरासा कापला, दोन थेंब रक्त आलं. काका कापूस लावून निघून गेले ते परत फिरकलेच नाहीत. तेव्हापासून कात्री उचलली की दादांचा हात लटलटायचा. शेवटी दुकानच बंद केलं, त्याला तीन महिने झाले. आणखी महिनाभर असंच चाललं असतं, तर ते कायमचंच बंद झालं असतं.

"घरात बसून भिंती काय न्याहाळता?" म्हणत बायकोने शनिवारी सकाळी त्यांना ओढतच दवाखान्यामागच्या हॉलमध्ये नेलं. तिथे एक नर्सबाई मन खचलेल्या, झोप उडालेल्या माणसांना गोल बसवून ढोल वाजवायला लावत. दादा आत शिरले आणि गारच पडले. समोर पोस्टमन काका, मांडीत ढोल घेऊन! दादा काढता पाय घेणार, तर दारात बायको उभी.

"नियम एकच," नर्सबाई म्हणाल्या. "थांबायचं नाही. कुणी चुकलं, तर सगळ्यांनी त्याच्या मागे जायचं."

असला कसला नियम बुवा! दादा जीव मुठीत धरून वाजवू लागले आणि चौथ्या फेरीला चुकलेच. एक थाप जास्त पडली. आता सगळं फिसकटणार! पण छे, पोस्टमन काकांनीही तीच जादा थाप हाणली. मग नर्सबाईंनी, मग सगळ्यांनीच. चूक हॉलभर घुमायला लागली आणि काय सांगू, झकास वाटत होती! दादांनी मुद्दाम आणखी एक चूक केली. तीही सगळ्यांनी उचलली. दादा हसत सुटले, घाम निथळेपर्यंत बडवत राहिले. त्यांना हसताना बघून बायकोच्या डोळ्यांना धार लागली.

संपल्यावर दादा धीर करून काकांपाशी गेले. "काका, कान कापला म्हणून तुम्ही यायचं सोडलंत ना?"

"कान? अहो, त्याच आठवड्यात आमची ही गेली. मी कुठेच गेलो नाही. बघा की!"

काकांचे केस पार कॉलरखाली उतरले होते. घाबरल्या जिवाला ते दिसलंच नव्हतं.

"दुसऱ्या कुणाकडे जायचं होतं, काका."

"दुसऱ्याकडे कशाला?"

भर दुपारी दुकानाचं शटर वर गेलं. दादांचा हात अजून थरथरत होता. काकांना ते आरशात दिसत होतं. त्यांनी मान पुढे केली आणि डोळे मिटून घेतले.