उद्या सकाळपर्यंत नक्की

"अगं ए पोरी, हे वाच बरं मोठ्यानं," बाळासाहेब म्हणाले.

आळेफाट्यावर त्यांच्या नव्या दुकानापुढे पंधरा-वीस माणसं जमली होती. मी वर पाहिलं. 'सावळेराम कृषी भांडार. बी-बियाणे, खते, औषधे.' आणि त्याखाली, तितक्याच डौलदार लाल अक्षरांत, पिवळी सावली देऊन लिहिलं होतं, 'उद्या सकाळपर्यंत नक्की.'

"सकाळपासनं गिऱ्हाईक इचारतंय, आज औषध नाय का भेटायचं?"

सगळे खदखदून हसले. बाळासाहेबही हसत होते, पण रागावलेले होते. "भगवंत, घाई कळावी म्हून कागदावर लिवलं व्हतं राव. तू ते बी रंगवलं? तुला वाचता येतंय का न्हाई?"

भगवंत पेंटर म्हणजे माझे वडील, अप्पा. शिडीला धरून ते उभे होते. चेष्टेला चेष्टेनं उत्तर देणारा माणूस, पण आज यातली चुकीची ओळ कुठली, हेच त्यांची नजर बोर्डावर वर-खाली शोधत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

लहानपणापासून गिऱ्हाइकाचा कागद आला की अप्पा म्हणायचे, "वाच गं अश्विने, माजा चष्मा कुटं गेलाय कुणास ठाऊक." मला वाटायचं, माझं वाचन पक्कं व्हावं म्हणून ही युक्ती. एवढी मी शहाणी! बोर्ड रंगवायला शिकवणाऱ्या उस्तादानं अक्षरांचे आकार अप्पांच्या हातात बसवले होते. ती अक्षरं बोलतात काय, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. घरात आम्ही दोघंच. नव्याण्णव साली मी कमर्शियल आर्ट शिकायला पुण्याला गेले, आणि त्यांचा चष्मा खरोखरच हरवला.

बोर्ड रंगवणाऱ्याला वाचता येत नाही, ही बातमी जुन्नरला पोचायला दुपारसुद्धा लागली नसती. मग अप्पांच्या हातात कुणी ब्रश दिला असता?

"काका, ती खालची ओळ माझी," मी म्हणाले. "सुट्टीला आलेय, म्हटलं अप्पांना हातभार लावावा. नादात कागद जसाच्या तसा उतरवला."

"कालेजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

पुन्हा हशा झाला. या वेळी तो माझ्या वाट्याचा होता. माझे कान तापले, पण अप्पांनी शिडी सोडली आणि बोर्ड उतरवायला घेतला.

दुपारी अंगणात ते टर्पेंटाइनच्या बोळ्यानं ती ओळ पुसत बसले. मीही वही घेऊन शेजारी बसले. कॉलेजात माझंही काही बरं चाललं नव्हतं. डोकं ताजं राहावं म्हणून आमच्या सरांनी सवयींची एक यादी दिली होती. रोज वहीत काढा, नव्या वाटेनं चाला, ओळखीची वस्तू अनोळखी असल्यासारखी बघा. ती यादी खाटेशेजारच्या भिंतीवर चिकटवून मी औषधासारखी पाळत होते, गुण मात्र येत नव्हता. पन्नास अक्षरं निव्वळ आकार म्हणून काढायची होती. सरांनी दोनदा वही परत केली. "तू अक्षरं वाचतेस, बघत नाहीस," म्हणाले.

"अप्पा, मी शिकवू तुम्हाला वाचायला? महिन्याभरात येईल."

"नगं." त्यांनी मान वर केली नाही. "एकदा का वाचाया लागलो, की बघायचं ऱ्हाऊन जाईल."

मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी वहीत एक 'क' काढला, उलटा, खालून वर. "रोज चहाच्या आधी मी असं एक काढतो. सरळ काढलं की हात आपला पळत सुटतो. उलटं काढलं की थांबून बघावं लागतं. अन् रेघ नगं बघू. ही आतली रिकामी जागा बघ. अक्षराचं पोट हाय ते. पोट बिघडलं की अक्षर आजारी."

मी बघत राहिले. सरांना जे वर्षभर मला समजावता आलं नव्हतं, ते या माणसाला आयुष्यभर रोज करावं लागलं होतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाजही वाटली.

संध्याकाळी ते बोर्डाच्या कोपऱ्याशी आले. तिथे बारीक अक्षरांत 'भगवंत पेंटर' असायचं. ते त्यांनी पुसून टाकलं आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"तुजं नाव लिव. नुसतं नाव. बाकी काय बी लिवू नगं."

"कशाला?"

"चूक तुज्या नावावर गेली. मग बोर्ड माज्या नावावर कसा ठिवू?"

मी नाव लिहून दिलं. कागद हातात धरून ते बराच वेळ त्यातल्या 'श्वि' या जोडाक्षरावरून बोट फिरवत राहिले.

"लई अवघड ठिवलंय की गं आमी," ते म्हणाले.

एकोणीस वर्षं त्यांनी मला याच नावानं हाक मारली होती. ते दिसतं कसं, हे ते आज पहिल्यांदा बघत होते.