शिबिराचं पत्र

बारामतीच्या एसटी स्टँडवर लोणी भापकरचा पोस्टमन सिद्धू सारजाला बघून थबकलाच. "ताई, तुमी अजून हितंच? दिल्लीला कवा निघायचं?"

"दिल्लीला कशाला?"

"आवं, शिबिराचं रजिस्टर पत्र आलं न्हवं का! धा दिस झालं. महिपतीनं सही करून घेतलं. पेढं मागितलं, तर नुस्ता हसला."

तीन वर्षं सारजा भारताच्या हॉकी संघात बचावाला खेळत होती. परदेशातल्या सामन्यात घोटा दुखावला, म्हणून रेल्वेच्या नोकरीवरून रजा काढून ती गावी आली होती. घोटा आता बरा होता. रोज पहाटे ती माळावर पळत होती आणि रोज संध्याकाळी महिपतीला विचारत होती, "दादा, माझं काही टपाल?" तो म्हणायचा, "न्हाय बा." दहा दिवस, रोज, तिच्या तोंडावर!

ती गावात उतरली ती घरी न जाता थेट मळ्यात गेली. महिपती उसाला पाणी देत होता.

"पत्र कुठाय?"

"कसलं पत्र?"

"सिद्धूला बोलावू का?"

महिपतीनं तोंड फिरवलं. "जाळलं."

"का?"

"परवा डाळजचं सर्जेराव पाव्हणं सुपारी फोडाय येत्यात. त्येंनी साफ सांगितलंय, गुडघ्याच्या वर कापड घालून पळणारी सून आमाला नगं. चांगलं घर हाय. हातचं घालवू?"

"मला इचारलंस?"

"इचारून तू व्हय म्हनली असतीस?"

बांधावर खोरं पडलं होतं. सारजानं ते उचललं. महिपती दोन पावलं मागं सरकला. तिनं ते बांधावरच्या दगडावर असं हाणलं की दांडा मधून तुटला. मग ती घराकडे निघाली.

अंगणात तिचा बाप जोतीराम घोंगडी झटकत होता. मेंढरं गेली, शेती आली, तरी घोंगडी त्याची सुटली नव्हती. सारजा शाळेत असताना तिच्या पहिल्या सामन्याला तो इंदापूरला गेला होता. खेळातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं, पण "सोडू नगंस, सारजे!" असं ओरडून ओरडून त्यानं घसा बसवून घेतला होता. पुढं कुठल्याही देशात खेळताना अडचणीच्या वेळी तिला तोच आवाज ऐकू यायचा.

"आबा, दादानं माझं पत्र जाळलं. तुमाला ठाव हुतं?"

जोतीराम घोंगडी झटकत राहिला.

"आबा, मी काय इचारते?"

त्यानं घोंगडीची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि खाली मान घालून तो गोठ्याकडं निघून गेला.

भावाचा दगा तिला झेपला होता. बापाचं हे गप्प बसणं झेपेना. चौकातल्या फोनवरून तिनं दिल्लीला वसतिगृहात फोन लावला. तिची खोलीतली मैत्रीण रोहिणी ओरडलीच, "अगं, आहेस कुठं? सहा दिवस झाले शिबिर सुरू होऊन! परवा दुपारी संघाची यादी कायम होतेय. तोवर पोच."

सारजानं पिशवी भरली, हॉकीची काठी घेतली. दारात महिपती आडवा उभा होता. "पाव्हण्यांना मी काय तोंड दावू?"

तेव्हा चुलीपुढून त्यांची आई बनाबाई उठली. आजवर पोरापुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता. "सर बाजूला. पत्र जाळलंस, आता पोरगी बी जाळतुस का?"

महिपती सरला.

दौंडहून गाडीला जागा मिळाली नाही. सारजा डब्याच्या दाराशी अर्धी रात्र उभी, अर्धी रात्र पिशवीवर बसून गेली. घोटा पुन्हा सुजला. तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पोचली, तर व्यवस्थापक साहेबांनी तिच्याकडं मान वर करूनही पाहिलं नाही. उशिराचं कारण लिहून आणा म्हणाले, खाली घरच्यांची सही हवी.

तिनं तिथंच उभ्यानं लिहिलं : 'माझ्या सख्ख्या भावानं बोलावण्याचं पत्र जाळलं. बापाला माहीत होतं, तो गप्प बसला. घरच्यांची सही मिळणार नाही.' खाली आपलं नाव घातलं आणि कागद टेबलावर आपटला.

साहेबांनी तो वाचला. परत वाचला. मग म्हणाले, "बूट घाल."

त्या सकाळच्या सराव सामन्यात समोरची एकही पोरगी सारजाला ओलांडून गोलापर्यंत पोचली नाही. घोट्यातून कळ मस्तकात जात होती. तिनं दातांवर दात दाबून ती गिळली. दुपारी यादी लागली. तिचं नाव सगळ्यांत शेवटी होतं, पण होतं.

संघ परदेशातून रौप्यपदक घेऊन आला. लोणी भापकरला शाळेपुढं मांडव पडला. सारजा स्टेजवर गेली तर शेजारच्या खुर्चीत गुलाबी फेटा बांधून महिपती! सरपंच माइकवर सांगत होते, "असा भाऊ पाठीशी उभा ऱ्हायला, म्हणून आपली लेक हितवर पोचली."

सारजा उठली. सरपंचांच्या हातातून तिनं माइक घेतला. "माझ्या भावानं शिबिराचं पत्र जाळलं हुतं. मी भांडून गेले, म्हणून खेळले. त्याचा सत्कार करायचा आसंल तर करा. माझा नगं."

महिपती फेटा काढून मागच्या बाजूनं उतरला. कुणीतरी "जाऊ द्या ताई, घरातलं भांडान" म्हणालं. तेवढ्यात बायामाणसांच्या मागून जोतीराम उभा राहिला.

"पोरगी खरं बोलती. मला ठाव हुतं. म्या गप बसलो."

हे शब्द ऐकले की आपला राग निवेल, असं सारजाला इतके महिने वाटत आलं होतं. तो निवला नाही. उलट नव्यानं पेटला.

"ह्ये त्या दिवशी बोलायचं हुतं, आबा," ती म्हणाली.

नारळ आणि शाल टेबलावर तशीच ठेवून ती स्टेजवरून उतरली. बायांमधून बनाबाई उठली आणि पदर सावरत तिच्या मागोमाग चालू लागली.