पुनवेआधीची गाठ

पावसाळ्यात कोळी आणि आगरी रिकामे बसतात, हा शोध ठाण्यातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना कुठून लागला कोण जाणे. खाडी फुगलेली, होड्या काठावर उपड्या घातलेल्या, मिठागरांत पाणी. तेव्हा या लोकांनी घरबसल्या हाताने जे काही केलं असेल ते श्रावणात शाळेच्या मोठ्या दालनात आणून मांडावं, बघायला लोक येतील, पसंतीला उतरेल ते विकलंही जाईल, अशी दवंडी त्यांनी पिटवली. रिकामे म्हणे! शेवंतीने ती दवंडी ऐकली तेव्हा तिच्या मांडीवर चौथं जाळं होतं आणि तागाचं सूत ओढून ओढून करंगळीची कातडी सोलून निघाली होती.

शेवंती ही विश्राम कोळ्याची बायको. जाळं पुरुषाने विणायचं, बाईने सूत कातून द्यायचं आणि पुढे मासळी विकायची, असा कोळीवाड्याचा रिवाज होता. काठावरून फेकायची जाळी विणण्यात विश्रामचा हात नावाजलेला. तीन वर्षांपूर्वी तो उजवा हात होडी आणि धक्का यांच्यामध्ये सापडला. बोटं मिटली ती पुन्हा उघडलीच नाहीत. मग जाळं विणायची सुई शेवंतीने उचलली. लहानपणी बापाच्या शेजारी बसून तिने सूत पुरवलं होतं, बघून बघून तिला सगळं येत होतं. ती दार लावून विणायची आणि विश्राम ती जाळी आपली म्हणून विकायचा.

दोन पावसाळे हे खपून गेलं. या वर्षी कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, बाईच्या हातच्या जाळ्यात मासळी येत नाही. हे म्हणणाऱ्यांनीच दोन वर्षं त्या जाळ्यांत टोपल्या भरभरून मासळी धरली होती, पण ते आठवायची गरज कुणालाच वाटली नाही. नारळी पुनव बारा दिवसांवर आली तरी दारात गिऱ्हाईक फिरकलं नाही. पुनवेला दर्या उघडतो. त्याआधी जाळं विकलं गेलं नाही तर मग ते कोण घेणार? सुई वळचणीला खोचायची आणि दुसऱ्यांची मासळी डोक्यावर घेऊन हिंडायचं, एवढंच उरलं असतं. मासळी विकायची शेवंतीला लाज नव्हती. पण सुई सोडायची या विचाराने तिला रडू यायचं, आणि रडू आलं की रागही यायचा.

विश्राम म्हणाला, प्रदर्शनात नेऊ. तिथे कळव्याचे, दिव्याचे, पार कल्याणकडचे कोळी येतील, त्यांना आपल्या घरातलं काय ठाऊक? नाव माझंच सांगू, हात घोंगडीखाली ठेवीन. शेवंतीच्या कपाळाला आठी पडली. पण पोटापुढे आठीचं काय चालतं? चारही जाळी तिने डोक्यावर घेतली.

दालनात कल्याणच्या कुंभारांची मडकी होती, डोंबिवलीकडच्या आगऱ्यांच्या टोपल्या होत्या, आणि एका टेबलावर सरदार घराण्यांतल्या बायकांचं भरतकाम काचेखाली ठेवलं होतं. कारकुनाने कागदावर ‘विश्राम कोळी, जाळी चार’ असं लिहून तो जाळ्यांना टाचला. मग कळलं की इथे आल्याबरोबर विकायचं नसतं. आधी परीक्षक येणार, वस्तू तपासणार, पास झाली तर तिला चिठ्ठी बांधणार. चिठ्ठी असेल तेच विकायचं. शेवंतीला वाटलं होतं की हा बाजार आहे. तिने अख्खा दिवस त्या जाळ्यांशेजारी भिंतीला टेकून काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षक आले. उपरणं, पगडी, सोन्याच्या कडांचा चष्मा. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. त्यांनी जाळं हातात घेतलं, विणीचे डोळे सारखे आहेत का ते बोटाने मोजून पाहिलं, आणि वाहवा केली. इतकं एकसारखं विणकाम मुंबईतही बघायला मिळत नाही म्हणाले. मग शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. एक डोळा उघडा होता. गाठ मारायची राहिली होती, सुताचं टोक लोंबत होतं. दुसरं जाळं पाहिलं, तिथेही तेच. चारही जाळी शेवटच्या एका गाठीसाठी अपुरी.

त्यांनी विश्रामला बोलावलं. म्हणाले, एवढं सुंदर काम आणि शेवटी आळस? हरकत नाही, आत्ता इथे माझ्यासमोर गाठ मार, चारही जाळ्यांना चिठ्ठी देतो. विश्राम जागचा हलला नाही. कारकून पुढे होऊन म्हणाला, हात बाहेर काढ ना, कसली वाट बघतोस? आणि त्याने घोंगडीला हात घातला.

शेवंती मध्ये उभी राहिली. नवऱ्याची मिटलेली बोटं त्या दालनात दहा जणांनी बघावी हे तिला सोसवलं नाही, आणि खोटं बोलायचाही तिला आता वीट आला होता.

“त्यांच्या हाताला हात लावू नका,” ती म्हणाली. “जालं मी इनलंय. चारी मीच इनलीत.”

विश्रामने मान खाली घातली. परीक्षक मात्र खूश झाले. हे तर फारच उत्तम, म्हणाले. स्त्रियांच्या हस्तकौशल्याला वेगळं बक्षीस ठेवलंय, आणि भरतकामाशिवाय त्यात काही आलेलंच नाही. त्यांनी कारकुनाकडून बांबूची सुई मागवली आणि स्वतःच्या हाताने तिच्यापुढे धरली. बाई, तू मार गाठ. बक्षीसही तुझं आणि चिठ्ठीही तुझी.

खरं सांगायचं तर तिचा हात पुढे गेला. एक गाठ. डोळे मिटून मारता आली असती. पण ती गाठ मारायची नव्हती. नव्या जाळ्याची शेवटची गाठ जो ते विकत घेईल त्याने मारायची, पुनवेला, नारळ वाहिल्यावर, पाण्याच्या काठावर उभं राहून. त्याआधी बंद केलेलं जाळं मासळीला बंद, असं ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक कोळी मानायचा. तिने हात मागे घेतला आणि हे सगळं परीक्षकांना शांतपणे सांगितलं.

ते हसले. हा अडाणीपणा कधी सोडणार, म्हणाले. अपुऱ्या वस्तूला चिठ्ठी द्यायचा नियम नाही. आज तुझ्यासाठी मोडला तर उद्या कुंभार कान नसलेलं भांडं आणेल.

“नका देऊ,” शेवंती म्हणाली. “तुमची चिट्ठी तुमच्यापाशी ऱ्हाऊंद्या. आमचं जालं आमच्यापाशी.”

तिने चारही जाळी गोळा केली आणि बाहेर शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. वरून पागोळ्या गळत होत्या. विश्राम तिच्यामागून आला आणि खालच्या पायरीवर बसला. तो म्हणाला, गाठ मारली असतीस तर खपली असती. ती म्हणाली, खपली असती, शिकलेल्यांच्या दिवाणखान्यात भिंतीला टांगायला; पाण्यात न्यायला एकाही कोळ्याने घेतली नसती. कारकून दोनदा उठवायला आला. दोन्ही वेळा तिने त्याला विचारलं, पायऱ्यांनाही चिठ्ठी लागते का? तिसऱ्यांदा तो आला नाही.

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळपासून एकही जाळं गेलं नव्हतं. लोक थांबायचे, नवल बघायचे, बाईने विणलंय म्हणे, असं म्हणून आत भरतकाम बघायला जायचे. दुपारी कळव्याचा दामाजी आला. खाडीत जाळं फेकायला त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. बरोबर पाच-सहा कोळी होते. तो घेईल ते घेणारे, तो सोडेल ते सोडणारे. हा नको म्हणाला की कळवा संपला, आणि कळवा संपला की पुढचं कुणीच उरत नव्हतं.

दामाजीने जाळं उचललं, काठाची शिशाची वजनं तळहातावर तोलली, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. मग उघडा डोळा सापडला तशी त्याची मान हलली. आत ढिगाने वस्तू मांडल्यात, म्हणाला, पण कोळ्याचं जाळं हे एकच दिसतंय; ही गाठ बांधलेली असती तर मी हात लावला नसता. आणि त्याने विश्रामकडे बघून विचारलं की विणलं कुणी.

विश्रामने घोंगडी बाजूला केली. मिटलेला हात गुडघ्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

“माजा हात ह्यो असा हाय, बाबा,” तो म्हणाला. “हिनं इनलंय.”

कळव्याचे कोळी एकमेकांकडे बघू लागले. एकाने तोंड फिरवलं. दामाजी जाळं हातात धरून उभा राहिला. त्याला ते सोडवत नव्हतं, हे दिसत होतं, आणि घ्यायला जीभ उचलत नव्हती, हेही दिसत होतं. शेवटी त्याने वाट काढली. आवाज खाली आणून म्हणाला, घेतो, पण गावात मी विश्रामचं म्हणून सांगेन. तुमचंही भलं, माझंही भलं.

तीन दिवसांत पहिलं गिऱ्हाईक होतं ते. घरात तांदूळ नव्हते. शेवंती उठली आणि तिने दामाजीच्या हातातून जाळं काढून घेतलं.

“विश्रामचं पायजेल तं कुटं दुसरीकडं बगा,” ती म्हणाली. “हितं शेवंतीचं हाय.”

तिने ते पायरीवर नीट घडी करून ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसली. दामाजी चार पायऱ्या उतरला. पावसात थोडा वेळ उभा राहिला. बरोबरचे लोक चालायला लागले होते. त्याने त्यांना हाक मारून मागे फिरवलं.

“ही शेवंती,” तो त्यांना म्हणाला, भांडायला निघाल्यासारखा. “जालं हिनं इनलंय. मना दोन पायजेत. कोनाला हसायचं असंल तं आताच हसून घ्या, खाडीवर नको.”

कुणी हसलं नाही. उरलेल्या दोन जाळ्यांवर दोन हात आले. दामाजीने विचारलं, विश्रामच्या जाळ्याचा जो भाव, त्याच भावाने ना? शेवंतीने नवऱ्याकडे पाहिलं. तो तीन दिवसांत पहिल्यांदा सरळ बसला होता.

“नाय,” ती म्हणाली. “ह्यांच्यापेक्षा माजा हात बारीक हाय. चार आने वरती.”

विश्राम मोठ्याने हसला. दामाजीने कुरकुर केली, कमरेची पिशवी सोडली आणि वरचे चार आणेही दिले.