उकळत ठेवलेली कॉफी

ते २०१८ साल. जुलैमधला शेवटचा रविवार, आणि गुरुवारी आमचं परतीचं विमान. आमच्या मुलानं, प्रसन्ननं आम्हाला जर्मनीतल्या त्याच्या ब्योब्लिंगेन गावाहून एका तळ्याकाठी तंबूत राहायला नेलं होतं. सून अपूर्वा कामासाठी हॅम्बर्गला गेली होती. सोबत सात वर्षांची नात अवनी.

तीन महिने मी एकाच गोष्टीची वाट पाहत होते. कुपवाडचं आमचं लेथचं वर्कशॉप सांभाळायला प्रसन्न परत येणार का, हे ह्यांनी त्याला विचारायचं ठरलं होतं. ह्यांना बहात्तरावं लागलेलं. रोज म्हणायचे, "आज विचारतो."

रात्रभर जमिनीवर झोपून माझी कंबर धरली होती. तरी सकाळी उठून छोट्या गॅसवर दूध ठेवलं, त्यात कॉफी, साखर, जायफळ. आमच्याकडे कॉफी होईपर्यंत कुणी जागचं उठत नाही. म्हणून मी ती उतरवलीच नाही. आच बारीक करून ढवळत राहिले. हे गाडीच्या टायरांबद्दल बोलले, मग बदकांबद्दल.

"आजी, फेर्टिश?" झाली का, असं अवनीनं जर्मनमध्ये तिसऱ्यांदा विचारलं.

"होतेय गं."

"आई, कॉफी करतेयस की बासुंदी?" प्रसन्न हसला.

तेवढ्यात गॅस विझला. त्यानं डबा हलवून पाहिला. "घ्या, संपला! आज रविवार, एक दुकान उघडं नाही. अवनीच्या नूडल्स कशावर करू? एवढं कशाला उकळायचं?"

"तुझे बाबा बोलतील म्हणून," मी म्हणाले. मग मीच विचारलं, "तू परत येणार आहेस का रे?"

त्यानं आधी ह्यांच्याकडे पाहिलं. "नाही गं आई. बाबांना गेल्या दिवाळीतच सांगितलं होतं मी."

हे बुटाची नाडी बांधत बसले.

"अहो?"

"सांगलीतच सांगितलं असतं, तर तू विमानात बसली नसतीस."

मला रागही आला नाही, इतकी दमले होते. कॉफी गाळून दोघांना दिली.

ह्यांनी वर्कशॉप त्याच वर्षी विकलं. २०२१च्या मे महिन्यात हे गेले. प्रसन्नला वेळेवर पोहोचता आलं नाही. तो आता तिकडचा नागरिक झालाय. अपूर्वा हॅम्बर्गच्याच कंपनीत आहे, शनिवार-रविवार घरी येते. अवनी फोनवर माझं सगळं ऐकून घेते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. मी सांगलीत एकटी राहते. प्रसन्न दर उन्हाळ्यात बोलावतो. मी पुन्हा गेले नाही.