झाकणावरची शिक्षा

मी पत्र्याचा डबा बोलतोय. हौसेनं नाही, बोलायला लावलंय म्हणून. कस्तुरीनं मला पुसून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सांग रे बाबा, तुझ्यात असं काय आहे की जो येतो तो तुलाच उचलतो?" डब्याला कुणी असं विचारतं का? पण पोरगी हटेना. घ्या ऐकून.

माझं शिक्षण म्हणाल तर पोटात अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद. त्यातलीही बातमी अर्धीच. आलो तो बिस्किटं घेऊन. ती संपली, तेव्हा बनारसमधल्या मंगला गौरीच्या गल्लीतल्या या घरात दत्तात्रेय आजोबांनी माझ्यात सारीपाटाच्या सोंगट्या आणि कवड्या भरल्या. तेव्हापासून बघतोय, माणसाची जात भारी चौकस. पाहुणा चहाला टेकला की हात माझ्याकडे. आधी हलवणार, खुळखुळ ऐकणार, मग विचारणार, "यात काय आहे?" अरे, उघड की! पण नाही, आधी हलवणारच. का, ते मला अजून कळलेलं नाही.

ही कस्तुरी आजोबांची नात. बँकेतली नोकरी सोडून तिनं पटावरचा एक खेळ काढला. नदीतून निघायचं, घाट चढायचा, गल्लीतल्या गायी चुकवत घर गाठायचं. पूर आला की परत खाली. खेळ झकास, अडलं ते खोक्यावर. खेळण्यांच्या दुकानाचा मालक काशीनाथ खोका फळीवर ठेवून बघायचा. सोनेरी सूर्य आणि नावा काढलेला पहिला तसाच पडून राहिला. देवळांच्या कळसांचा दुसराही. "बिटिया, डिब्बा बढ़िया है, पर किसी का हाथ नहीं जाता. एक बार और देखूँगा, बस."

तिसरा खोका तयार झाला आणि माझी जागा गेली. "ये कबाड़ हटाओ ना, ताई!" म्हणत तिच्या भावानं, यज्ञेशनं, मला कोपरानं ढकललं. फरशीवर आपटलो. झाकणाला पोचा पडला, कवड्या पलंगाखाली. पठ्ठ्या वर हसत निघून गेला.

आजोबांनी कवड्या वेचल्या आणि मान वर केली तो समोर नवा खोका. कपाळावरचा चष्मा खाली आला, झाकणावरची अक्षरं वाचली. "खेळता खेळता शिक्षा!" हसता हसता त्यांना ठसका लागला. "कस्तुरे, छड्या मारणार की कोंबडा करणार?"

"म्हणजे?"

"अगं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं. मराठीत शिक्षा म्हणजे दंड! तुला शिक्षण म्हणायचंय."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. घरात मराठी, शाळेत हिंदी, डोक्यात दोन्ही एकाच डब्यात भरलेल्या. "पुसून टाकते," म्हणाली.

पण तोवर आजोबांनी खोका उचलला होता. कानाशी नेऊन हलवला आणि झाकण काढलं. "बघू तरी, कसली शिक्षा आहे."

कस्तुरी बघतच राहिली. मीसुद्धा.

मग तिनं सगळं खोडून झाकणावर एकच शब्द मोठा ठेवला: शिक्षा! आतल्या सोंगट्या मुद्दाम सुट्या सोडल्या. जास्तीच्या कवड्या माझ्यात भरून मलाही दुकानात नेलं, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं.

एका बनारसी बाईनं खोका उचलला. "शिक्षा? पढ़ाई का होगा. दिखाना भइया." तिनं उघडून बघून ठेवला, तोच यात्रेला आलेल्या नागपूरच्या बाईंनी उचलला. "अगं बाई! शिक्षा? कोणाला?" खुळखुळ, खुळखुळ. झाकण उघडलं. काशीनाथला मराठीचं अक्षर कळत नाही. तो एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. शेवटी म्हणाला, "हाथ तो गया, बिटिया. और कितने बना दोगी?"

आता ते खोके त्याच्या फळीवर मिरवतात, मी कस्तुरीच्या टेबलावर. पोटात कात्री, गोंद, दोऱ्याचं रीळ. चालतंय. मला हलवायचं तर खुशाल हलवा, फक्त ठेवताना हळू ठेवा. झाकण आता नीट बसत नाही. पूर्वी उघडताना टप्प वाजायचं, ते गेलं. कस्तुरी रोज पुसते, आजोबा जपून उघडतात. ज्यानं कबाड म्हटलं, पाडलं, वर हसला, त्यानं मात्र अजून माफी मागितलेली नाही. ती मराठीतली शिक्षा कोणाला करायची असेल, तर माझ्याकडे नाव आहे.

यज्ञेश.