न मोजलेली हवा

मिस्त्रीने बॉनेट उचलून दांडी लावली आणि इंजिन चालू करायला सांगितलं. नवऱ्याने किल्ली फिरवली. गाडी जागच्या जागी उभी, आणि इंजिन मात्र घाट चढत असल्यासारखं ओरडत होतं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दीड हजारावर, आणि ॲक्सिलरेटरवर कुणाचाही पाय नाही.

ती बाकाजवळ पर्स घट्ट धरून उभी होती. दोष तिला ठाऊक होता. सकाळी नवरा अंघोळीला गेल्यावर तिनेच ती करंगळीएवढी रबरी नळी उपसून ठेवली होती.

गाडी बिघडली की ती एकटी गॅरेजला येई, समोरच्या थांब्यावरून बस पकडी आणि तीन थांबे पुढच्या शाळेत जाई. पहिल्या बिघाडात तिने विज्ञान शिक्षिकेच्या जागेचा अर्ज आणला होता, दुसऱ्यात भरून दिला होता. तेव्हाच तिला मुलाखतीची वेळ मिळाली होती, या गुरुवारी अकराला. एरवी घराबाहेर पडायचं म्हणजे पुढच्या खोलीतलं नवऱ्याचं रंगाचं दुकान ओलांडायचं. कुठे, कशाला, किती वेळ, तो खुर्चीतूनच विचारी, आणि संध्याकाळी गाडीचे किलोमीटर बघून घेई. नऊ वर्षांत त्याची मोजणी एकदाही चुकली नव्हती. गॅरेजमध्ये उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, एवढंच काय ते त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आज सोमवार. तीन दिवस या आवाजाने त्याचे कान किटतील आणि गुरुवारी तोच म्हणेल, जा, टाकून ये. असा तिचा बेत होता. पण तो म्हणाला, चल, आत्ताच दाखवू, त्या मिस्त्रीने तुला दोनदा फसवलंय. करायला गेली काय आणि झालं काय.

नवरा मिस्त्रीच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"तो स्क्रू असतो ना, तो पिळा जरा. आवाज बसेल."

"ते जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना, साहेब. इथे कॉम्प्युटर हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. मोजणीत नसलेली हवा कुठून तरी आत शिरतेय. ती वाट सापडल्याशिवाय नुसतं दाबून काही होत नाही."

चोराच्या मनात चांदणं. तिचे कान तापले.

मिस्त्रीने मशीन जोडून आकडे पाहिले, मग ते बाजूला ठेवून कान देऊन इंजिनवर वाकला. बारीक सूं असा आवाज येत होता. नळी निसटून उघड्या पडलेल्या तोंडावर त्याने अंगठा ठेवला. इंजिन एकदम आठशेवर उतरलं आणि गुमान धडधडत राहिलं. अंगठा काढताच पुन्हा ओरडायला लागलं.

"ही निघाली कशी?" नवऱ्याने विचारलं.

नळी नवी होती, मागच्या खेपेला मिस्त्रीनेच घातलेली. तिच्यावरच्या धुळीत दोन बारीक बोटांचे ठसे होते. मिस्त्रीने ते पाहिले आणि फडक्याने नळी पुसून टाकली.

"जुनं रबर आहे. तापून सैल पडतं."

ते पुसणं तिने पाहिलं. मागच्या खेपेला, दुरुस्त झालेल्या गाडीची किल्ली हातात असताना, तिने याच माणसाला विचारलं होतं, येत्या गुरुवारी दहाला आणली तर एकपर्यंत राहील ना. धडधाकट गाडी, आणि गाडीच्या पुढच्या आजारपणाची वेळ हिने आधीच ठरवून ठेवलेली. मिस्त्री तेव्हा फक्त बघू म्हणाला होता.

त्याने नळी बसवली, तिच्यावर पत्र्याची पट्टी चढवली आणि पान्याने आवळली. आता ती बोटांनी निघणार नव्हती. इंजिन शांत झालं. तिला रडू फुटेल असं वाटलं. तिने पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली.

"झालं ना?" नवरा म्हणाला.

"आत्तापुरतं. कॉम्प्युटरच्या अंगवळणी नवं माप पडलंय का, ते बघावं लागेल. गार इंजिन चालू करायचं, तापवायचं, परत गार करायचं. गुरुवारी आणा, दहाला."

तिने मान वर केली.

"ही घेऊन येईल," नवरा म्हणाला.

"ताई नकोत." मिस्त्री कार्डावर लिहीत होता. "सही मालकाची लागते. आणि आवाजातला फरक तुम्हाला बरोबर कळतो. एक वाजेपर्यंत थांबावं लागेल मात्र."

आवाज कळतो म्हटल्यावर नवऱ्याची छाती वीतभर फुगली. दुकान तेवढा वेळ बंद ठेवतो म्हणाला. मिस्त्रीने त्याला बाक दाखवला. तिथून रस्ता दिसतो, बसल्या बसल्या वेळ जातो, असं सांगितलं. तिच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

ती गाडीत बसली. नवऱ्याने किलोमीटर वाचले, मग गाडी रस्त्यावर घेतली. समोरून बस येत होती. हीच बस त्यांच्या घरावरून येते आणि पुढे शाळेकडे जाते. बस गॅरेजवरून पुढे जाईपर्यंत तिने मान वळवून पाहिलं. बाक बसच्या उजव्या अंगाला येत होता. म्हणजे गुरुवारी डावीकडच्या खिडकीशी बसायला हवं.